गावाचा पत्ता सांगणाऱ्या बाहुल्या

अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या पायथ्याशी प्लाका नावाची जुनी वस्ती आहे. तिथल्या दुकानांमध्ये दोन बाहुल्या हमखास दिसतात. पुरुष बाहुल्याला भरपूर चुण्यांचा पांढरा आखूड घागरा, पांढरे मोजे आणि टोकाला काळा गोंडा असलेले जोडे. बाई बाहुलीला पायघोळ झगा, वर जरतारी भरतकामाचं मखमली जाकीट आणि लाल टोपीवरून एका बाजूला लोंबणारा गोंडा. पर्यटक याच दोघांना 'ग्रीक पोशाख' समजून घरी आणतात.

त्यात खोटं काही नाही. पुरुषाचा घागरा म्हणजे फुस्तानेला. तो आजही अथेन्सच्या संसदेसमोर पहारा देणारे सैनिक सणासुदीला घालतात. त्याला 400 चुण्या असतात आणि त्या तुर्की राजवटीच्या 400 वर्षांच्या असं तिथे सांगतात. बाईच्या पोशाखाला 'अमालिया' म्हणतात. आधुनिक ग्रीसचा पहिला राजा ओटो जर्मन होता, त्याची राणी अमालियाही जर्मन. देश नवा, राजघराणं परकं. तेव्हा राणीने स्थानिक कपड्यांना युरोपीय बेत देऊन दरबारासाठी एक पोशाख बसवला, आणि तो हळूहळू साऱ्या देशाचा म्हणून मान्य झाला. म्हणजे दुकानातली ही जोडी एका राष्ट्राची ओळख सांगते.

ग्रीसमध्ये दुसऱ्याही बाहुल्या आहेत. त्या कुणाच्या घरात, कुणा गावमंडळाच्या काचेच्या कपाटात असतात. त्या हाताने केलेल्या असतात आणि त्यांच्या अंगावर फुस्तानेला नसतो, अमालियाही नसते. त्यांचे कपडे अशा गावांचे आहेत, जी गावं ग्रीसच्या नकाशावर नाहीत आणि कधी नव्हतीही. हा लेख त्या बाहुल्यांबद्दल आहे. त्या समजायच्या तर आधी शंभर वर्षं मागे जावं लागेल.

आजच्या तुर्कस्तानात, म्हणजे एजियन समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, आत कप्पाडोशियाच्या पठारावर आणि उत्तरेला काळ्या समुद्राकाठच्या पोंटस प्रदेशात ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक शेकडो वर्षं राहत होते. त्यातले बरेचसे ग्रीक बोलत. पहिल्या महायुद्धात तुर्कांचं ऑटोमन साम्राज्य हरलं. 1919 च्या मे महिन्यात ग्रीक सैन्य स्मर्ना बंदरात, म्हणजे आजच्या इझमिरमध्ये उतरलं आणि पुढे देशात आतवर घुसलं. तीन वर्षं युद्ध चाललं. 1922 च्या ऑगस्टमध्ये तुर्की सैन्याने प्रतिहल्ला केला, ग्रीक फौजा मोडल्या आणि 9 सप्टेंबरला तुर्की सैन्य स्मर्नात शिरलं. चार दिवसांनी शहराला आग लागली. ग्रीक आणि आर्मेनियन वस्त्या जळून गेल्या. धक्क्यावर लाखो माणसं जहाजांची वाट पाहत उभी होती. पोंटसमध्ये तर त्याआधीपासूनच गावं रिकामी करून लोकांना आतल्या भागात पायी हाकललं जात होतं. त्यात किती तरी माणसं वाटेतच गेली.

ग्रीक भाषेत या साऱ्याला एकच शब्द आहे, 'कतास्त्रोफी'. विध्वंस. एवढं म्हटलं की कोणता, हे विचारावं लागत नाही.

पुढे 30 जानेवारी 1923 ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. तुर्कस्तानातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांनी ग्रीसमध्ये जायचं, ग्रीसमधल्या मुसलमानांनी तुर्कस्तानात. इस्तंबूलचे ग्रीक आणि ग्रीसच्या ईशान्येकडच्या पश्चिम थ्रेसचे मुसलमान यांना त्यातून वगळलं. बाकीच्यांना निवड नव्हती, परतीची वाटही नव्हती. कोण कुठला हे ठरवायला भाषा धरली नाही, धर्म धरला. त्यामुळे कप्पाडोशियातले जे ख्रिस्ती घरात फक्त तुर्की बोलत, तेही 'ग्रीक' ठरले. हे लोक तुर्की भाषा ग्रीक अक्षरांत लिहीत. आणि क्रीट बेटावरचे मुसलमान, ज्यांना ग्रीकशिवाय दुसरी भाषा धड येत नव्हती, ते 'तुर्क' ठरले.

1928 च्या जनगणनेत ग्रीसमध्ये 12 लाख 21 हजारांहून जास्त निर्वासित मोजले गेले. देशाची सगळी लोकसंख्या तेव्हा 62 लाखांच्या आसपास होती. म्हणजे साधारण दर पाच माणसांत एक जण घर सोडून आलेला. अथेन्सच्या नगरपालिकेच्या नाट्यगृहात प्रेक्षकांच्या एकेका खणात एकेक कुटुंब राहत होतं. पडदे टांगून त्यांनी आपापला आडोसा केला होता.

नंतर वस्त्या उभ्या राहिल्या. त्यांची नावं ऐका : निया स्मिर्नी, निया इओनिया, निया फिलाडेल्फिया. 'निया' म्हणजे नवी. सोडून आलेल्या गावाचं नाव नव्या जागेला दिलं आणि आधी 'नवं' जोडलं. कावाला शहराजवळ निया कार्वाली आहे. तिथले लोक कप्पाडोशियातल्या कार्वालीहून आले, येताना आपल्या संत ग्रेगरीचे अवशेष बरोबर घेऊन आले आणि नवं देऊळ त्यांच्याभोवती बांधलं. आपल्याकडे फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासितांना ठेवलं आणि त्या छावण्यांचं उल्हासनगर झालं. शून्यातून उभं राहणं तेच, पण उल्हासनगरच्या नावात सिंध नाही. निया स्मिर्नीत राहणाऱ्याला स्वतःचा पत्ता सांगताना दर वेळी हरवलेल्या शहराचं नाव तोंडात घ्यावं लागतं.

आता कपड्यांकडे येऊ.

जुन्या काळी त्या भागातला पोशाख म्हणजे चालता-बोलता पत्ता होता. बाई लांबून येताना दिसली की ती कोणत्या गावची, लग्न झालेली की कुमारिका, विधवा आहे का, घरची परिस्थिती कशी, हे कळायचं. छातीवरच्या नाण्यांच्या ओळी दागिना होत्या आणि बाईची जमापुंजीही. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. कोळणीचं नेसणं, शेतात राबणारीचा काष्टा आणि देशावरच्या जुन्या बायकांचं नऊवारी यातला फरक आपल्या आज्यांना एका नजरेत कळायचा.

गाव उठलं की या पत्त्याचं काय होतं? माणसं वाचली, पण पत्ता सांगणारं लेणं ओझं झालं. ग्रीसमध्ये आधीपासून राहणाऱ्यांनी या नव्या भावंडांचं स्वागत काही प्रेमाने केलं नाही. त्यांना 'तुर्कोस्पोरी' म्हणजे तुर्कांची अवलाद म्हणत. 'दह्यात बाप्तिस्मा झालेले' म्हणूनही हिणवत, कारण त्यांच्या जेवणात दह्याचा वापर फार. अशा जागी तुर्की वळणाची सलवार घालून बाजारात कोण जाईल? बायकांनी जुने कपडे पेटीत ठेवले, काहींनी कापून मुलांची दुपटी शिवली, काहींनी नाणी मोडून भाडं भरलं. नाणी विकण्याचं दुःख मला सगळ्यात जास्त टोचतं. त्या ओळीतून एक नाणं कमी होणं म्हणजे लग्नाच्या दिवसाचा एक तुकडा किराण्यावर जाणं.

आणखी एक फरक लक्षात ठेवायला हवा. 1922 मध्ये स्मर्नाच्या धक्क्यावरून पळालेल्यांच्या हातात काहीच नव्हतं. कप्पाडोशियातली बरीच गावं मात्र करारानंतर, 1924 मध्ये, रीतसर हलवली गेली. करारात जंगम मालमत्ता नेण्याची मुभा होती. त्यामुळे त्यांना पेट्या बांधता आल्या, देवळातली भांडी, पवित्र प्रतिमा, पोशाख नेता आले. कोणत्या गावाचा पोशाख आज खरोखर हाताळता येतो आणि कोणता फक्त फोटोत किंवा म्हातारीच्या आठवणीत आहे, याचं मूळ बऱ्याच अंशी या फरकात आहे.

इथे बाहुली उपयोगाला येते. का, ते सांगतो.

फोटो फक्त समोरून दिसणारं सांगतो. संग्रहालयातला पोशाख पुतळ्यावर चढवलेला असतो, त्याला हात लावता येत नाही. पण बाहुली तयार करणाऱ्याला प्रत्येक गोष्टीचं उत्तर शोधावंच लागतं. आतून काय घालायचं? आधी कमरपट्टा की आधी एप्रन? गाठ पुढे की मागे? रुमालाचं कोणतं टोक खांद्यावर पडतं? माझ्या आजीने मला लाकडी ठकीला नऊवारी नेसवून दाखवली होती. तेव्हा पहिल्यांदा कळलं की आयुष्यभर रोज पाहिलेलं नेसणं आपल्याला मुळीच येत नाही. निऱ्या कुठे खोचायच्या इथेच माझा हात थांबला. पाहिलेलं आणि जमणारं यातलं अंतर बाहुली लगेच उघडं पाडते.

पोंटसच्या बाईची बाहुली घेऊ, म्हणजे नेमकं काय करावं लागतं ते दिसेल. सगळ्यात आत येतो 'कामीस', म्हणजे सदरा. पायात 'सालवार'. हो, आपल्या कानांना हे शब्द परके नाहीत. कमीज आणि सलवार या पश्चिम आणि मध्य आशियाभर फिरलेल्या शब्दांचीच ही काळ्या समुद्राकडची रूपं. त्यावर 'झिपुना', पुढून उघडा, दोन्ही बाजूंना चिरलेला पायघोळ झगा, बहुधा रेघांच्या कापडाचा. झिपुना छातीपाशी उघडा राहतो, म्हणून आतून 'स्पालेर' नावाचं छातीपान. वर आखूड जाकीट. पुढे रेघांचा एप्रन. डोक्यावर 'तापला', लहानशी चपटी गोल टोपी, तिच्यावर नाणी एकमेकांवर अर्धी चढवून माशाच्या खवल्यांसारखी शिवलेली. वरून रुमाल.

आणि कमरेला 'लाहोर'.

हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थबकलो. काळ्या समुद्राकाठच्या डोंगरातली ख्रिस्ती बाई कमरेला जी लोकरी शाल गुंडाळायची, तिचं नाव आपल्या लाहोरवरून पडलेलं. काश्मिरी वळणाच्या शाली लाहोरच्या व्यापारातून पश्चिमेकडे जात, तिथून नाव चिकटलं. आजच्या ग्रीक भाषेतही त्या वाकड्या शेंड्याच्या थेंबासारख्या नक्षीला 'लाहुरी' म्हणतात. म्हणजे आपली कोयरी. लुगड्याच्या पदरावर असते, मेंदीत असते, रांगोळीत असते, तीच. अथेन्सच्या शिंप्याला कोयरीचं कापड हवं असेल तर तो नकळत लाहोरचं नाव घेतो.

आता हे सगळं बाहुलीवर उतरवायचं. माणूस 160 सेंटिमीटर, बाहुली 32. म्हणजे पाचपट लहान. पण कापड पाचपट लहान होत नाही. खऱ्या झिपुन्याची दोन सेंटिमीटरची रेघ बाहुलीवर चार मिलिमीटरची हवी. तेवढ्या बारीक रेघांचं रेशीम विणलेलं मिळत नाही, म्हणून जुना टाय, रिबन, बारीक रेघांचा हातरुमाल शोधावा लागतो. अस्सल आजीच्या झग्याचा तुकडा हाती असला तरी तो वापरायचा मोह आवरावा लागतो, कारण त्या जाड कापडात बाहुली गोधडी गुंडाळल्यासारखी दिसते. आणि त्यापायी एक जुना कपडा कायमचा कापला जातो. माझं मत स्पष्ट आहे, अस्सल कपडा कधीही कापू नये, कितीही जीर्ण असला तरी.

कापड हलकं असलं की दुसरी अडचण येते. खऱ्या झग्याचा घेर स्वतःच्या वजनाने खाली पडतो. बाहुलीचा फुगून बाजूला उभा राहतो. मग चुण्या ओल्या करून दोऱ्याने बांधून वाळवायच्या, किंवा आतल्या दुमडीत बारीक वजन घालायचं. 'तापला' टोपीवरच्या नाण्यांसाठी टिकल्या. टिकल्या मात्र पिवळ्या झगमगीत नकोत, जुन्या सोन्यासारख्या मंद हव्यात आणि एकीवर दुसरी अर्धी चढली पाहिजे. रांगेत सुट्या शिवल्या की टोपीचं रूप जाऊन नुसती चमकी उरते. अंगात तारेचा सांगाडा असतो, त्यावर कापूस आणि सुती पट्ट्या. कपड्याचा बेतही बघावा लागतो. जुन्या पद्धतीत कापड अरुंद मागावर विणलेलं, त्याचे सरळ पट्टे जोडायचे, काखेत चौकोनी कळी घालायची, वाया काही घालवायचं नाही. आजच्या शिलाईसारखा गोल मुंढा काढला की कपडा वरून तसाच दिसतो, पण हात वर केला की खोटा आहे हे कळतं.

एवढ्या बारकाव्यांमध्ये जायचं ते कशासाठी, असं कुणी विचारेल. कारण नृत्यमंडळांच्या पोशाखांचं काय झालं ते समोर आहे. तिसऱ्या-चौथ्या पिढीने आजोबांची लाज टाकून दिली, गावमंडळं काढली, पोंटसची लिरा, म्हणजे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, वाजवत नाच सुरू केले, ही फार मोठी गोष्ट. पण मंचासाठी वीस मुलींना एकाच कापडाचे, एकाच मापाचे, एकाच रंगाचे पोशाख शिवले गेले. खऱ्या गावात दोन बायकांचे झिपुने सारखे नव्हते. एकीच्या आईने कॉन्स्टँटिनोपलहून, म्हणजे इस्तंबूलहून, रेशीम मागवलेलं, दुसरीने घरच्या सुतावर भागवलेलं. बाहुली एकेक करून होते, म्हणून तिच्यात हा फरक ठेवता येतो.

बाहुलीच्याही मर्यादा आहेत, त्या लपवू नयेत. बाहुली जवळजवळ नेहमी सणाचे कपडे घालते. तंबाखूच्या शेतात वाकलेल्या बाईचा मळका सदरा कुणी छोटा करून शिवत नाही. आणि स्मर्नाचं उदाहरण तर डोळ्यात अंजन घालणारं आहे. 1922 चं स्मर्ना हे व्यापारी बंदर होतं, तिथल्या मध्यमवर्गीय ग्रीक बायका पॅरिसच्या फॅशनचे फ्रॉक आणि हॅट घालत. त्या वर्षीच्या स्मर्नाची प्रामाणिक बाहुली करायची तर तिच्या अंगावर युरोपीय कोट चढवावा लागेल. मग ती 'पारंपरिक' वाटणार नाही आणि कपाटात कुणी ठेवणार नाही. पण धक्क्यावर उभी होती ती हीच बाई. सगळ्या निर्वासितांना एका जुन्या खेड्यातले करून टाकणं हा त्यांच्यावरचा आणखी एक अन्याय आहे, असं मला वाटतं.

बाहुल्यांचा आणि निर्वासितांचा संबंध नंतरच्या नातवंडांनी जोडला असंही नाही. तो पहिल्या काही वर्षांतच जुळला. अमेरिकेतली नियर ईस्ट रिलीफ ही संस्था आर्मेनियन आणि ग्रीक निर्वासितांसाठी, विशेषतः अनाथ मुलांसाठी काम करत होती. तिच्या पुढाकाराने निर्वासित बायकांना भरतकाम, विणकाम आणि बाहुल्या करण्याचं काम मिळालं, आणि तो माल अमेरिकेत विकला गेला. नुकतंच सगळं गमावलेल्या बाईच्या हातात सुई होती आणि तिला काय शिवायला दिलं, तर एका परक्या मुलीसाठी स्वतःच्या मुलखाच्या कपड्यातली बाहुली. तिला त्याचे पैसे मिळत होते, घर चालत होतं. त्यात आठवण किती आणि पोट किती, हे वेगळं काढता येणार नाही, आणि काढू पाहणंही बरोबर नाही.

या गोष्टीची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. ग्रीसमधून साडेतीन लाखांहून जास्त मुसलमान याच करारामुळे तुर्कस्तानात गेले. त्यांना तिकडे 'मुबादिल' म्हणतात, म्हणजे अदलाबदलीत आलेले. तुर्कस्तानच्या एजियन किनाऱ्यावरच्या आयवालिकमध्ये आणि जवळच्या जुंदा बेटावर क्रीटहून आलेल्यांच्या घरी क्रीटची ग्रीक बोली पुढे कित्येक वर्षं बोलली जात होती. त्यांच्याही आज्यांच्या पेट्या होत्या, त्यांच्याही नातींना आजीचं गाव पाहायचं असतं. आज दोन्हीकडून लोक बसने जाऊन आपल्या जुन्या गावातलं घर शोधतात आणि त्या घरात राहणारा माणूस त्यांना कॉफी पाजतो.

पोंटसच्या लोकांनी तर देवीसुद्धा परत आणली. पोंटसमधल्या ट्रॅबझॉन शहराजवळच्या कड्यात सुमेला मठ होता. 1923 मध्ये तो सोडताना भिक्षूंनी मेरीमातेची पवित्र प्रतिमा जमिनीत पुरून ठेवली. आठ वर्षांनी, दोन्ही सरकारांच्या संमतीने, एका जुन्या भिक्षूने जाऊन ती काढून ग्रीसला आणली. उत्तर ग्रीसमधल्या वेर्मियो डोंगरात 1951 च्या सुमारास तिच्यासाठी नवा सुमेला उभारायला सुरुवात झाली. दर 15 ऑगस्टला तिथे जत्रा भरते. त्या दिवशी झिपुना आणि तापला पेटीतून बाहेर निघतात, आणि बाहुली करणाऱ्याला खरी गाठ कशी बांधतात ते पाहायचं असेल तर तीच जागा.

ज्यांना जत्रेत जाता येत नाही, त्यांच्यासाठी एक दुसरी जागा आहे. मेल्पो मेर्लिए या संगीत अभ्यासक बाईंनी 1930 मध्ये निर्वासितांची गाणी गोळा करायला सुरुवात केली. लवकरच त्यांच्या लक्षात आलं की गाणं गावापासून सुटं करता येत नाही. मग त्यांचे सहकारी निर्वासितांच्या वस्त्यांमध्ये घरोघर गेले आणि विचारत राहिले : गावात विहीर कुठे होती, शेजारचं गाव किती तासांवर, लग्नात नवरीला काय घालायचे, शेवटच्या दिवशी घराला कुलूप लावलं का? सुमारे 5,000 माणसांनी उत्तरं दिली आणि जवळपास 1,45,000 हस्तलिखित पानं भरली. आशिया मायनर (आजच्या तुर्कस्तानचा आशियातला भाग) अभ्यास केंद्र म्हणून ही संस्था आजही चालू आहे. तिचा पत्ता 11, किदाथिनेऑन रस्ता, प्लाका. ज्या प्लाकात फुस्तानेला घातलेला बाहुला काचेमागे उभा असतो, त्याच प्लाकातल्या एका रस्त्यावर झिपुन्याच्या बाया कमरेचा लाहोर कसा बांधत ते लिहून ठेवलेलं आहे.